तुम्हाला फ्री हँड आहे

सोलापुरात हे वाक्य कुठंही कानावर येतं. कारखान्यात, लग्नघरात, गणेश मंडळाच्या बैठकीत, शाळेच्या स्नेहसंमेलनाची तयारी चालू असताना. या गावात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दखनी एकाच बोळात नांदतात, आणि चारही भाषा बोलणारी माणसं हे दोन इंग्रजी शब्द आहेत तसेच ठेवतात. ‘काय काळजी करू नका ओ, तुम्हाला फ्री हँड आहे.’ म्हणणाऱ्याचा चेहरा त्या क्षणी फुललेला असतो. आपण काहीतरी मोठं देतो आहोत ही त्याची भावना खरी असते. मला नेहमी प्रश्न पडतो तो ऐकणाऱ्याबद्दल. त्याच्या पदरात नेमकं काय पडलं?

हा प्रश्न मला लहान वाटत नाही. आपण स्वतःच्या मनानं जे काही करतो, त्यातलं बरंचसं कुणीतरी दिलेल्या मोकळिकीत करतो. ती बापानं दिलेली असते, मास्तरांनी, मालकानं, नवऱ्यानं, सरकारनं. ती कशी दिली गेली त्यावर माणूस खुलतो किंवा आतून आक्रसतो. माझं आयुष्य सोलापूरच्या कापडात गेलं. आधी वडिलांच्या टेबलाशेजारी, मग अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या सॅम्पल विभागात. तिथं बसून या दोन शब्दांची इतकी रूपं पाहिली की त्यावर एकदा सविस्तर लिहावं असं फार दिवस मनात होतं.

इंग्रजीत हा वाक्प्रचार दोन क्रियापदांबरोबर चालतो. कुणी कुणाला फ्री हँड देतो, किंवा कुणाकडे फ्री हँड असतो. अर्थ सरळ आहे: पावलोपावली विचारायला न येता ठरवण्याची आणि करण्याची मुभा. पण चांगल्या इंग्रजीतला त्याचा वापर नीट पाहिला की कळतं, तिथं ही मुभा बहुतेक वेळा ‘कशात’ हे सांगून येते. प्रशिक्षकाला संघ निवडण्यात. संपादकाला मजकूर ठरवण्यात. वास्तुविशारदाला आतल्या खोल्यांच्या रचनेत. वाक्याच्या शेवटी कामाचं क्षेत्र येतं आणि मुभेला कड मिळते. आपण हा वाक्प्रचार उचलला तेव्हा पहिला अर्धा भाग घरी आणला आणि ‘कशात’ तिकडेच राहून गेलं. म्हणून आपल्याकडे ‘तुम्हाला फ्री हँड आहे’ म्हटल्यावर बोलणं संपतं. खरं तर ते तिथून सुरू व्हायला हवं.

वडील चादरींचे ग्राफ काढायचे. पूर्व भागातल्या कारखानदारांकडून काम यायचं. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. जॅकार्डच्या मागावर चादरीतलं फूल किंवा मोर उमटतो तो वर बसवलेल्या पुठ्ठ्याच्या पत्त्यांमुळे. एक पत्ता म्हणजे बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्याची, एक ओळ. पत्त्यात भोक असेल तिथला हूक उचलला जातो, त्याबरोबर ताण्याचा, म्हणजे उभा, धागा उचलला जातो. भोक नसेल तिथला धागा खालीच राहतो. हे पत्ते पाडणाऱ्याला आधी नकाशा लागतो. तो नकाशा म्हणजे ग्राफ. चौकटीच्या कागदावर एकेक घर लाल रंगानं भरत जायचं. मोराच्या मानेचं वळण ग्राफवर येतं तेव्हा ती मान राहत नाही, पायऱ्या होतात. त्या पायऱ्या अशा बेतानं पाडायच्या की कापडावर, हातभर अंतरावरून, पुन्हा मान दिसली पाहिजे. चादरीला दोन्ही बाजू असतात. एका बाजूला जो रंग जमिनीचा, म्हणजे फुलामागचा, तो उलट्या बाजूला फुलाचा. म्हणजे एकाच वेळी दोन चित्रांचा विचार.

वडील आधी साध्या कागदावर पेन्सिलीनं नुसता हात चालवत चित्र काढायचे. त्यालाही फ्री हँडच म्हणतात. ते चित्र बघायला मला फार आवडायचं, कारण त्यात रेषा कुठंच अडत नसे. मग ते ग्राफचा कागद पुढे ओढायचे आणि तीच रेषा घराघरांतून चालवायचे. मला वाटायचं, आता चित्राचा जीव जाणार. तो जायचा नाही. पुष्कळदा उलट व्हायचं. हूक किती, रंग किती, पत्ते किती परवडणार या हिशेबातून असं काही निघायचं जे मोकळ्या कागदावर नव्हतंच.

त्यांना फ्री हँड देणारे दोन मालक माझ्या चांगले लक्षात आहेत. नावं सांगायचं कारण नाही. पहिले म्हणाले, ‘मास्तर, तुम्ही कलाकार माणूस. काढा मनाला येईल ते.’ वडिलांनी विचारलं, माल कुठल्या बाजारात जाणार? पत्त्यांचा खर्च कितीपर्यंत चालेल? ‘ते तुम्ही बघा की.’ वडिलांनी जीव ओतून काम केलं. चादर विणून झाली, व्यापाऱ्यांनी उचलली नाही. मालकांनी पत्त्यांचे पैसे मजुरीतून कापले आणि वर म्हणाले, ‘मी तर सगळं तुमच्यावर सोडलं होतं.’ ते वाक्य आमच्या घरात कितीतरी दिवस फिरत राहिलं. ‘सोडलं होतं.’ आईला त्यातला अन्याय लगेच दिसला. वडिलांना तो शब्दांत पकडता येत नव्हता, कारण त्यांना खरंच कुणी अडवलं नव्हतं.

दुसरे मालक कमी बोलायचे. त्यांनी कागदावर लिहून दिलं: हूक एवढे, रंग दोनच, वजन वाढता कामा नये, हिवाळ्याआधी माल निघायला हवा. मग म्हणाले, ‘आत काय काढायचं त्यात मी बोलणार नाही. माल अडकला तर तो माझा.’ वडिलांनी त्या वेळी गड्ड्याच्या यात्रेत मिरवतात ते सात नंदीध्वज, त्या उंच काठ्या, मनात धरून सात उंच देठ काढले, वर एकेक फूल. कुठंही नंदीध्वज असा दिसत नव्हता, पण सोलापूरच्या माणसाच्या डोळ्याला ती उंची ओळखीची वाटावी. पहिला लॉट गोदामात पडून राहिला. वडील स्वतःहून त्यांच्याकडे गेले. मालकांनी चहा मागवला आणि म्हणाले, ‘मास्तर, पुढचं काढायला घ्या. ते खपंल तवा खपंल.’ वडील घरी आले ते ताठ मानेनं. त्या रात्री त्यांनी नवा ग्राफ लावला.

दोघांनीही मोकळीक दिली होती. पहिल्यांनी जास्त दिली होती असंही म्हणता येईल. पण पहिली मोकळीक म्हणजे अंग काढून घेणं होतं.

मी टॉवेलच्या कारखान्यात लागले तेव्हा ही गोष्ट मला रोज मागावर दिसायला लागली. टेरी टॉवेलच्या मागाला ताण्याचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एक जमिनीचा, तो ताठ ठेवतात. दुसरा लूपचा, तो मुद्दाम ढिला ठेवतात. दोन-तीन बाणे घातल्यावर फणी ते एकदम पुढे ठोकते. ताठ धागे जागेवर राहतात आणि ढिल्या धाग्यांना वर उसळावं लागतं. ती उसळी म्हणजे टॉवेलवरचा मऊ लूप. जमिनीचा ताण गेला तर ढिल्या धाग्याला उसळायला काही आधारच उरत नाही, आणि मागावरून चोळामोळा झालेलं कापड उतरतं. नव्या माणसाला काम शिकवताना मी हे दाखवते. कुणीतरी ताण धरून ठेवतं म्हणून दुसऱ्याला मोकळं होता येतं. ज्याच्या हातात देणं आहे त्यानं आपला ताण सोडायचा नसतो.

इंग्रजीतच या वाक्प्रचाराची भावंडं आहेत आणि त्यांच्यात या बाबतीत मोठा फरक आहे. ‘फ्री रेन’ घ्या. हा घोडेस्वारीतला शब्द. रेन म्हणजे लगामाची वादी. खडकाळ किंवा उताराच्या वाटेवर जाणता स्वार वादी सैल करतो, कारण पाऊल कुठं टाकायचं हे तिथं घोड्याला जास्त कळतं. अकलूजच्या घोडेबाजारात उभं राहून पाहिलेल्या कुणालाही हे सांगावं लागणार नाही. वादी सैल असते, पण ती स्वाराच्या हातात असते आणि स्वार घोड्याच्या पाठीवर असतो. घोडा अडखळला तर दोघं पडतात. आता गंमत नाही, पण विचार करण्यासारखं एक घडलं आहे: इंग्रजी लिहिणारे पुष्कळ लोक हल्ली या ‘रेन’चं स्पेलिंग राज्य करण्याच्या ‘रेन’सारखं करतात. उच्चार एकच, म्हणून चूक सहज होते. पण तसं लिहिल्याबरोबर स्वार गेला, वादी गेली, उरलं निव्वळ राज्य. मला ती चूक आजच्या काळाची खूण वाटते.

दुसरं भावंड ‘कार्ट ब्लांश’. मूळ फ्रेंच, शब्दशः पांढरा कागद. खाली सही करून वरचा कागद कोरा द्यायचा, समोरच्यानं हव्या त्या अटी लिहायच्या. आपल्याकडे सावकारानं कोऱ्या कागदावर अंगठा घेतल्याच्या कहाण्या घरोघरी आहेत, त्यामुळे कोरा कागद म्हटल्यावर आपल्या मनात मोकळीक येत नाही, धसका येतो. आणि तिसरा ‘ब्लँक चेक’, कोरा धनादेश. या शब्दाशी इतिहासातला एक भयंकर महिना जोडलेला आहे. ५ जुलै १९१४ रोजी जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म यानं पॉट्सडॅममध्ये ऑस्ट्रिया-हंगेरीच्या राजदूताला सांगितलं की सर्बियाविरुद्ध तुम्ही जे कराल त्यात आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, रशिया मध्ये पडला तरीही. दुसऱ्या दिवशी चान्सेलर बेटमान-हॉलवेगनं त्यावर शिक्कामोर्तब केलं. सर्बियाविरुद्ध काय करायचं, कुठपर्यंत करायचं, हे कुणी ठरवलं नाही. आणि सम्राट आपल्या नेहमीच्या नॉर्वेच्या सागरी सफरीला निघून गेला. परतला तो जुलैच्या अखेरीस. २८ तारखेच्या सकाळी, ऑस्ट्रियाच्या निर्वाणीच्या इशाऱ्याला सर्बियानं दिलेलं उत्तर वाचून त्यानं शेरा मारला की आता युद्धाचं काही कारण उरलेलं नाही. त्याच दिवशी ऑस्ट्रिया-हंगेरीनं युद्ध पुकारलं. पहिलं महायुद्ध पेटण्याची कारणं कितीतरी आहेत, ती एका माणसावर टाकता येणार नाहीत. तरी देणारा देऊन सफरीवर गेला ही गोष्ट मला विसरता येत नाही.

इतक्या लांब कशाला जायचं? सोलापूरला माहीत आहे, सत्तेनं एखाद्याचा हात मोकळा सोडला की काय होतं. मे १९३०. गांधीजींना अटक झाली आणि गिरण्यांचं हे गाव उसळलं. ८ मे रोजी गोळीबार झाला, माणसं मेली. संतापलेल्या जमावानं पोलीस चौकी आणि कोर्ट जाळलं, पोलिसांचेही जीव गेले. अधिकारी शहरातून दिसेनासे झाले. ९ ते ११ मे हे तीन दिवस सोलापुरात ब्रिटिशांचं राज्य नव्हतं. काँग्रेसचे स्वयंसेवक रस्त्यांवरची व्यवस्था पाहत होते. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला आणि शहर लष्कराच्या हाती दिलं गेलं, जूनच्या अखेरीपर्यंत. गांधी टोपी घालून रस्त्यावर येणंसुद्धा धोक्याचं झालं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिलं. चार पुतळ्यांपाशी ती चार नावं आहेत. एक लिंगायत, एक मुसलमान, एक मारवाडी, एक मराठा असं आम्हाला शाळेत मोजून सांगायचे. मला मात्र तिथून जाताना ते तीन दिवस आणि नंतरचे ते आठवडे शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात.

तीन दिवसांत स्वयंसेवकांना कुणी अधिकार दिलेला नव्हता. पण ते ज्या बोळात उभे होते तिथं त्यांची आई, त्यांचा मास्तर, त्यांचा किराणावाला राहत होता. संध्याकाळी घरी गेल्यावर त्यांना तोंड दाखवायचं होतं. लष्कराला अधिकार होता, आणि या गावात ज्याला उत्तर द्यावं असं त्याचं कुणी नव्हतं. त्याआधी ११ वर्षं, १९१९ साली पंजाबात मार्शल लॉखाली जे झालं, त्यानंतर त्याच वर्षी सरकारनं इंडेम्निटी ॲक्ट करून अधिकाऱ्यांना कायद्याचं कवच दिलं. माणसं मारून झाल्यावर कोऱ्या कागदावर सही झाली.

याच सरकारचा त्याहून जुना एक कायदा मला इथं आठवतो, कारण कारखान्याच्या कामात त्याच्याशी गाठ पडते. भारतीय करार कायदा, १८७२. मालकानं प्रतिनिधी नेमला, मुखत्यारपत्र दिलं, की दोघांचं काय नातं ते त्यात लिहिलेलं आहे. कलम २२२ म्हणतं, दिलेल्या अधिकारात राहून प्रतिनिधीनं कायदेशीरपणे जे केलं त्याचे परिणाम त्याच्या अंगावर आले, तर भरपाई नेमणाऱ्यानं द्यायची. कलम २२३ म्हणतं, प्रामाणिकपणे केलेल्या कामातून तिसऱ्याचं नुकसान झालं आणि त्याची झळ प्रतिनिधीला बसली, तरीही. आणि कलम २२४ म्हणतं, गुन्हा करायला सांगितलं असेल तर हे संरक्षण नाही, वचन दिलेलं असलं तरी नाही. मी कायदा शिकलेली नाही. पण ही तीन कलमं ओळीनं वाचली तेव्हा वाटलं, वडिलांना जो अन्याय बोलता येत नव्हता तो इथं छापून ठेवलेला आहे. व्यापारात माणसांनी हे शहाणपण कधीच शोधलं होतं. राज्य करताना ते सोयीनं बाजूला ठेवलं गेलं.

घरात काय होतं ते सांगायला मला जास्त जड जातं. ‘आमच्याकडे सुनांना पूर्ण फ्री हँड आहे’ हे वाक्य पाहुण्यांसमोर बोललं जातं, आणि ज्यांच्याबद्दल बोललं जातं त्या आत पोहे परतत असतात. यात दुष्टपणा असतो असं मी म्हणत नाही. बोलणारे सासरे पुष्कळदा खरोखर प्रेमळ असतात. पण ही मोकळीक एका माणसाच्या स्वभावावर उभी असते. तो माणूस चिडला, आजारी पडला, गेला, की तिचं काय?

आमच्या जुन्या बोळात एक तेलुगू अक्का राहायच्या. विड्या वळायच्या. मांडीवर सूप, त्यात तंबाखू, कापलेलं तेंदूपान, बोटाला गुंडाळलेलं सूत. मजुरी हजार विड्यांवर मिळते, त्यामुळे बोलतानाही हात थांबत नसत. नवरा भला माणूस. तो सगळ्यांना सांगायचा, ‘घरात हिचाच कारभार. मी काय बोलत नाही.’ ते खरंही होतं. कारभार त्यांचाच होता: मुलांची फी, दवाखाना, सण, कर्जाचा हप्ता. फक्त त्यासाठी लागणारे पैसे आणि जागा त्यांच्या नावावर नव्हती. मग सोलापूरजवळ कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाची वसाहत झाली. विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं मोर्चे काढून, हप्ते भरून उभी केलेली १० हजार घरं. २००६ साली पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते ती बायकांना मिळाली. अक्कांना त्यातलं एक मिळालं, त्यांच्या स्वतःच्या नावानं.

मी भेटायला गेले तेव्हा दारातच शिलाई मशीन दिसलं. बहीण विधवा झाली होती, तिला अक्कांनी पुढच्या खोलीत आणून बसवलं होतं. ‘घरात सगळ्यांना पटलं का?’ मी विचारलं. अक्का माझ्याकडे बघत राहिल्या. ‘पटायला इचारलं कुटं मी? घर माजं हाय की.’ नवरा शेजारीच बसला होता आणि हसत होता, खऱ्या आनंदानं. बायकोला मोकळीक देणारा म्हणून तो बोळात प्रसिद्ध होता. आता द्यायचं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं आणि त्याचं काही बिघडलं नव्हतं. इंग्रजीत ‘एल्बो रूम’ म्हणतात, कोपर हलवायला जागा. शेक्सपिअरच्या ‘किंग जॉन’मध्ये मरणाऱ्या राजाच्या तोंडी तो शब्द आहे, आपल्या आत्म्याला आता कुठं कोपर पसरायला जागा मिळाली असं तो म्हणतो. अक्कांना ती जिवंतपणी मिळाली, एवढ्याशा दोन खोल्यांत.

म्हणून मोकळीक देणारा चांगला असावा एवढ्यावर माझं समाधान होत नाही. चांगल्या माणसांनी दिलेली मोकळीक मी भरपूर पाहिली आहे, तिच्यावर वाढलेही आहे. पण ती कागदावर आली पाहिजे. खर्चाची सही कुणाची? बिल कुणाच्या नावानं? चुकलं तर फोन कोण करणार? या प्रश्नांची उत्तरं तयार नसतील तर फ्री हँड देऊ नये. सरळ ‘मला विचारून करा’ म्हणावं. त्यात काही कमीपणा नाही. ज्याला विचारायचं आहे तो समोर आहे हे तरी त्यात ठरलेलं असतं. सगळ्यात जास्त माणूस मोडतो तो अर्धवट मोकळिकीत. ठरव म्हणायचं आणि ठरवल्यावर भुवया उंचवायच्या. मग तो पुढच्या वेळी ठरवण्याआधी तुमच्या भुवयांचा अंदाज घेतो, आणि काही दिवसांनी त्याला स्वतःला काय हवं होतं हेच आठवेनासं होतं. असे हुशार लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या हाताला काही झालेलं नसतं. हात उचलण्याआधीच ते मागे वळून बघतात.

आमच्या सॅम्पल विभागात आता ग्राफचा कागद नाही. डिझाईन कॉम्प्युटरवर होतं, इलेक्ट्रॉनिक जॅकार्डला पत्ते लागत नाहीत. फाइल दिली की हूक उचलले जातात. वडिलांना एका चित्राला जेवढा वेळ लागायचा तेवढ्यात नवी मुलं कितीतरी पर्याय काढतात. नुकताच एक मुलगा आमच्याकडे लागला आहे. हात चांगला आहे, बोलतो कमी. मालक जाता जाता म्हणाले, ‘मॅडम, नव्या पोराला जरा फ्री हँड द्या.’ मी हो म्हटलं आणि दुपारी बसून एक कागद तयार केला. टॉवेलचं माप, वजन, स्टॉकमधलं सूत कुठलं वापरता येईल, रंग किती, सॅम्पलवर किती किलो सूत खर्ची पडलं तरी चालेल, खालचा डॉबी काठ, म्हणजे विणलेली नक्षीची पट्टी, ग्राहकानं ठरवलेला आहे तो तसाच. त्याखाली लिहिलं: ‘बाकी सगळं तुझं. वाया गेलेलं सूत माझ्या खात्यावर.’ आणि सही केली.

त्यानं कागद दोनदा वाचला. ‘मॅडम, मालक विचारले तर?’

‘माझ्याकडे पाठव.’

‘आणि काठ का नाही बदलायचा?’

मी सांगितलं, ग्राहकाच्या आधीच्या मालाशी तो जुळायला हवा, दुकानात दोन्ही टॉवेल शेजारी ठेवले जातात. त्याला ते पटलेलं दिसलं नाही. दोन दिवसांनी त्यानं चार डिझाईन आणून ठेवली, काठ सांगितल्याप्रमाणे. पाचवं वेगळ्या कागदावर होतं, आणि त्यात काठ पूर्ण बदललेला होता. ‘हे तुमच्या कागदात बसत नाही,’ तो म्हणाला, ‘नुसतं बघा.’

पाहिलं. त्याचं म्हणणं बरोबर असू शकतं. जुना काठ या लूपला जड पडतो. गुरुवारी ग्राहकाची माणसं येणार आहेत. पाचही नेणार आहे, आणि पाचव्याबद्दल त्यालाच बोलायला सांगितलं आहे. कालपासून तो आरशासमोर इंग्रजीची तयारी करतो आहे असं त्याच्या शेजारचा ऑपरेटर सांगत होता.